विषय: लिफ्ट बंद, आणि मॅनेजर नक्की कुणाचा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात नागाळा पार्कात आई-बाबांसाठी तीन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला. अकरा दिवस झाले, लिफ्ट बंद आहे. बाबा ७६ वर्षांचे, घर चौथ्या मजल्यावर. काल आईनं व्हिडिओ कॉलवर फोन जिन्याकडे फिरवला, तर बाबा दुधाची पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले. ते रोजच असे मध्ये बसतात म्हणे. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅनेजरला सहा फोन झाले. दर वेळी "करतो साहेब". शेवटी म्हणाला, "बिल्डरसाहेब हो म्हणाले की माणूस बोलावतो, माझ्या हातात काय आहे?" मेंटेनन्स आम्ही दोन वर्षांचा आगाऊ भरलाय. वर मालक, म्हणजे मी, परदेशात म्हणून बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) लावलाय. तळघरातला पंपही बंदच आहे, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की मला इथे झोप लागत नाही. २०१९ चा पूर विसरलेलो नाही. दाद कुणाकडे मागायची?

---

बाळा,

राजारामपुरीत मी नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून लिहितो. तो मॅनेजर खरं तेच बोलला. पगार बिल्डर देतो, तो बिल्डरचंच ऐकणार. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. आधी सांग, सोसायटी नोंदलीय का? निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत संस्था करून देणं रेरानं, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्यानं, बिल्डरवर घातलंय. तो टाळत असेल तर बिल्डर सहकार्य करत नाही असं कारण देऊन रहिवासी स्वतः सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करू शकतात.

लिफ्टचं आजच लेखी दे, फोन पुरे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा सुविधेतला दोष कळवला, तर बिल्डरनं ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर महारेराकडे, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे तक्रार. आणि तो चार्ज भरू नकोस. तो सोसायटीनं लावायचा असतो, भाडेकरू असला तरी सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपुरताच. आई-वडील राहतात तिथे तर लागतच नाही.

एक मात्र मनापासून सांगतो. सोसायटी झाली म्हणजे मॅनेजर सगळ्यांचा झाला, असं नाही. आमच्या तक्रारवहीत चेअरमनचा नळ त्याच दिवशी दुरुस्त झालेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या ओलीपुढं दोन महिने कोरी जागा. त्या पोराच्या गादीला बुरशी आली होती. सेक्रेटरी मी होतो, वही माझ्या टेबलावर होती. त्यानंतर वही खाली वॉचमनजवळ उघडी ठेवली, तक्रार कधी आली नि काम कधी झालं, दोन्ही तारखा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच करा.

---

काका,

सोसायटी नोंदलेली नाही. रविवारी पार्किंगमध्ये बैठक झाली, १९ पैकी १२ घरं आली. बाबा जिना उतरून गेले आणि पहिली सही त्यांनी केली. मालक म्हणून माझी सही लागेल, तेव्हा मुखत्यारपत्रासाठी गुरुवारी कॉन्सुलेटमध्ये जातोय. आपल्या या मेल-गटात आणखी कुणाचं घर त्याच भागात असेल तर कळवा, अर्जाचा नमुना पाठवतो.