सुरमईचं गाव प्रयोगशाळेत कळतं का? तुमचं मत सांगा

रंकाळाकाठ (धागाकर्ता):
आखाडाच्या जेवणाला पाहुणे होते, म्हणून कोल्हापुरातच 'मालवणची ताजी, गळाची सुरमई' असं फळ्यावर वाचून जवळजवळ दुप्पट भाव मोजला. तव्यावर टाकली तर तुकडीला पाणी सुटलं, मांस भुगा होऊन उलथन्याला चिकटलं. मग डोक्यात आलं, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते. ही ताजी आली कुठून? दुकानाचं नाव घेत नाही, प्रश्न एकट्या दुकानाचा नाही.

माझं म्हणणं, महागड्या मासळीची रासायनिक तपासणी व्हावी. मासा जे खातो त्यातूनच त्याचं मांस बनतं. कार्बन-नायट्रोजनच्या आयसोटोपचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या अणूंचं, प्रमाण आणि स्ट्रॉन्शियम, बेरियमसारखी मूलद्रव्यं यांवरून तो कुठल्या पाण्यात वाढला याचा माग लागतो. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी यांचे नमुने अचानक उचला आणि तपासा.

घाटावरचा मासळीवाला:
दादा, तुमची फसवणूक झाली हे वाईटच. पण आमचंही ऐका. बंदरावर लिलावातच चार बोटींचा माल एकत्र होतो. बर्फ घालून रात्री गाडी आंबा घाट चढते, पहाटे आमच्या दारात. कुठल्या बोटीचा मासा, याची चिठ्ठी आम्हाला कोण देतंय? उद्या नमुना चुकला तर दंड शेवटच्या माणसाला, म्हणजे मला. अहवाल येईस्तोवर मासा विकून, खाऊन झालेला असतो.

केमिस्ट्रीवाला:
या तपासणीचं बळ आहे तिथंच ते मानूया. तळ्यातल्या कोळंबीला सोया-गव्हाचं खाद्य घालतात, त्यामुळे तिचा कार्बन-नायट्रोजन समुद्रातल्या कोळंबीपेक्षा बहुधा वेगळा येतो. तळ्यातली समुद्राची म्हणून विकली तर सापडू शकते. पण सुरमई भटकी. तिचं मांस गेल्या काही महिन्यांचं खाणं सांगतं, जाळं कुठं पडलं ते नाही. मालवण आणि कारवार एकाच अरबी समुद्रावर, मध्ये फक्त गोवा. तो फरक यंत्रावर छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. शिवाय तुलनेला प्रत्येक बंदराचे, प्रत्येक हंगामाचे खात्रीचे नमुने आधी जमवावे लागतात. डीएनएचं विचाराल तर त्यानं जात कळते. एकाच जातीची मासळी कुठल्या बंदरावर उतरली, हे नाही.

माहेर_देवगड:
एवढं यंत्र कशाला, कल्ले लाल आहेत का बघा, बोटानं दाबा, असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहिते. त्यानं ताजेपणा कळतो, गाव नाही. माझ्या माहेरची माणसं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. पहाटे दोर ओढून हाताला घट्टे पडलेत त्यांच्या. त्यांच्या किनाऱ्याचं नाव लावून दुसरीकडचा बर्फातला माल विकला की भाव दुसऱ्याला आणि बदनामी आम्हाला. म्हणून तपासणी हवी, अपुरी असली तरी.

करवीरचा गुऱ्हाळवाला:
ताईंशी सहमत. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, आहे, तरी बाहेरच्या गुळावर आमचं नाव छापलं जातं. नुसत्या कागदानं नाव वाचत नाही, हे आम्ही भोगतोय.

केमिस्ट्रीवाला:
पण चपलेचं बघा. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. हद्द आधी माणसांनी ठरवली, यंत्रानं नाही. मासळीला तशी हद्दच आखलेली नसेल तर प्रयोगशाळा कशाशी ताडून बघणार?

रंकाळाकाठ:
मालवण-कारवारचा मुद्दा मान्य, तो हट्ट सोडतो. तळ्यातली कोळंबी समुद्राची म्हणून विकणं मात्र पकडता येतं, तर तिथून सुरुवात करा. अहवाल उशिरा आला तरी चालेल. तो त्या माशासाठी नाहीच, पुढच्या वेळी फळ्यावर काय लिहायचं त्यासाठी आहे. आणि जून-जुलैत 'ताजी' लिहिलं असेल तर कुठल्या होडीची, एवढं विचारायला यंत्र लागत नाही.

घाटावरचा मासळीवाला:
कोळंबीची तपासणी करा, माझ्या दुकानापासून करा. आणि बंदराचं नाव उद्यापासून फळ्यावर लिहितो, फक्त लिलावातनंच चिठ्ठी मिळवून द्या.