पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ आणि खाण्यातली काळजी : तुमचे अनुभव लिहा

दिवस गेल्यावर सुरुवातीलाच एक अवघड कोडं समोर येतं. घरात केलेल्या ताज्या, गरम जेवणाच्या वासानेच पोट ढवळतं. पोटात टिकतं ते गार, आंबट, कुरकुरीत, आणि बरेचदा बाहेरचं. म्हणजे जे खायला सुरक्षित ते नकोसं होतं, आणि जे हवंसं वाटतं त्यातच जंतूंची भीती जास्त. ‘चौथा लागला की थांबेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चौथा लागेपर्यंत तिने खायचं काय, हे मात्र फार थोडे जण नीट सांगतात.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्याच्या आसपास जोर धरते आणि बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. दहातल्या सात-आठ जणींना हा त्रास होतो आणि तो सकाळपुरता राहतोच असं नाही. ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. वारेतून आईच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाचा या उलट्यांशी थेट संबंध असल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं आहे. गरोदरपणाआधी ज्यांच्या शरीरात ते कमी असतं, त्यांना त्रास जास्त होतो. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

पुण्यात राहणाऱ्या मैत्रिणींनो, नवरे मंडळींनो, सासवांनो, दवाखान्यात काम करणाऱ्यांनो, तुमच्या घरात काय चाललं, काय टिकलं, काय टाळलं, ते लिहा.

वारजे, नोकरी हिंजवडीला

माझा सगळ्यात वाईट वेळ म्हणजे कंपनीची बस. डिझेल, गाडीतला सुगंधी फवारा आणि कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी, सगळं एकत्र. डॉक्टर म्हणाल्या, रिकामं पोट हाच शत्रू समज. तेव्हापासून उशाशी ज्वारीच्या लाह्यांचा डबा. डोळे उघडले की पडल्यापडल्याच मूठभर खायच्या, थोडा वेळ तसंच पडायचं आणि मग उठायचं. दर दोन तासांनी चार घास. पाणी जेवणाबरोबर प्यायचं नाही, मधल्या वेळात घोट घोट घ्यायचं. एवढ्यावर निम्मा त्रास हलका झाला.

गरम जेवणाला वास जास्त येतो, म्हणून मी गार खायचे. पण गार म्हणजे शिळं नव्हे. पहाटे केलेलं थालीपीठ पूर्ण निवलं की त्याला फारसा वास राहत नाही. धपाटे, दशम्या, मेतकूट लावलेले कुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, बंद डब्यातलं दही, सोलून लगेच खाल्लेलं संत्रं. कॅन्टीनमधली कापून ठेवलेली फळं, कोशिंबीर आणि मेयोनीज घातलेली सँडविचं पूर्ण बंद केली. मेयोनीजमध्ये कच्चं अंडं असू शकतं, आणि कापलेलं फळ किती वेळ बाहेर होतं हे विचारायची सोय नसते.

एवढं करूनही भागेना तेव्हा डॉक्टरांनी डॉक्सिलामिन आणि जीवनसत्त्व बी-६ एकत्र असलेली गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली. ही गोळी फार वर्षं वापरात आहे आणि गरोदरपणातल्या उलट्यांवर बरेचदा हीच आधी देतात. तिने गुंगी येते, म्हणून रात्रीची वेळ. घरातल्यांना गोळी नको होती. मी डॉक्टरांचा फोन स्पीकरवर लावून त्यांना ऐकवला, आणि विषय मिटला. फॉलिक ॲसिडही सकाळऐवजी रात्री जेवणानंतर घेऊ लागले, तर तेही टिकलं. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. ती चौथ्या महिन्यापासून सुरू करायची असं ठरलं. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

किरकटवाडी

मी जानेवारी २०२५मध्ये आठव्या आठवड्यात होते. त्याच महिन्यात आमच्या भागात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिलाँ बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले. हातापायांतली ताकद जाणारे, व्हेंटिलेटरवर असलेले. संख्या दोनशेच्या वर गेली. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू रुग्णांच्या नमुन्यांत सापडला, तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. आधीच घोटभर पाणी टिकत नव्हतं, त्यात पाण्याचीच भीती बसली.

आम्ही घरी नियम केला. फिल्टर असला तरी प्यायचं पाणी उकळायचं. खळखळून उकळी आली की पुढे एक मिनिट तसंच ठेवायचं, त्याच भांड्यात झाकून निववायचं आणि ओघराळ्याने काढायचं. दात घासायला, भाज्या शेवटी धुवायला, पुदिन्याची चटणी वाटायलाही तेच पाणी. उकळलेलं पाणी मला बेचव लागायचं आणि त्यानेच ओकारी यायची. मग त्यात लिंबाची फोड आणि चिमूटभर सैंधव, किंवा आमसूल भिजवून गाळलेलं पाणी, असं करून दिवसभराचं पोटात जायला लागलं. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, हे मी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना सरळ विचारलं. सगळ्यांनी विचारावं. हिपॅटायटिस ई हा काविळीचा प्रकार मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो आणि गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेतू शकतो.

सदाशिव पेठ, सासूबाई

माझी सून डॉक्टरांकडून कागद घेऊन आली तेव्हा मी तो दोनदा वाचला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आमच्या वेळच्या ‘पौष्टिक’ यादीत होत्या. मोड आलेली कच्ची मटकी, मूग, वर लिंबू पिळून. आता कळलं, की मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते, आणि नुसतं धुऊन ते जात नाहीत. त्यामुळे आमच्याकडे मोड येतात, पण ते कुकरमध्ये जातात.

दुसरा फोडणीचा भात. ती हौसेने मागायची आणि मलाही वाटायचं, फोडणीत चांगला परतला की झालं. पण रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात एक जंतू वाढतो, त्याचं विष परतूनही जात नाही. म्हणून भात झाल्यावर तासाभरात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वाफ येईपर्यंत परतून संपवायचा. उरला तर टाकायचा. अन्न टाकताना माझा हात अडखळतो, तरी या तीन महिन्यांत मी टाकलं.

दूध गवळ्याचं येतं, ते चांगलं उकळूनच. धारोष्ण दुधाचं कौतुक पूर्वी फार असे, पोटुशीला ते देऊ नये. पिकलेल्या पपईला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, कच्च्या पपईला घेतली, कारण तिच्यात चीक असतो.

आणि माझं एक. साळीच्या लाह्यांचं पाणी. वाटीभर लाह्या, दोन भांडी उकळतं पाणी, वर झाकण. निवल्यावर कुस्करून गाळायचं, मीठ-साखर घालायची आणि लगेच चमचा चमचा पाजायचं. हिला सगळ्यात आधी जे पोटात राहिलं ते हेच. फोडणीच्या वेळी तिला मी खाली बागेत पाठवत असे, आणि कुकर उघडायचा तो बाल्कनीत.

हडपसर

वरच्यांचे उपाय वाचले. माझ्या बाबतीत यातलं काहीच चाललं नाही, आणि माझ्यासारख्या थोड्या असल्या तरी असतात, म्हणून लिहिते. मला पाणीही टिकत नव्हतं. घोट घेतला की पाच मिनिटांत बाहेर. सगळे म्हणत होते, सगळ्यांनाच होतं, आम्ही नाही का काढलं. मी आरशासमोर उभी राहायला घाबरत होते. बहिणीने हट्टाने दवाखान्यात नेलं. लघवीत कीटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ, निघाले, वजन चांगलंच उतरलं होतं. दाखल केलं, सलाईन लावलं, आणि ग्लुकोजच्या आधी जीवनसत्त्व बी-१ दिलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की खूप दिवस उपाशी राहिलेल्याला बी-१ न देता साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. माझ्यासारख्या टोकाच्या उलट्यांना हायपरएमेसिस म्हणतात. मला सलाईन पुन्हा लावावं लागलं, औषधंही बदलावी लागली. बाळ छान आहे, शाळेत जातं.

ज्या घरात अशी मुलगी आहे, त्यांनी तिला ‘नखरे’ हा शब्द कृपा करून ऐकवू नये. तिला गाडीत बसवा.

महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका

हडपसरच्या ताईंनी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे मुली उशिरा येतात, कारण घरी कुणीतरी थांब म्हणालेलं असतं. पुढचं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा: चोवीस तासांत काहीच पोटात टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद झाली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, उलटीत रक्त, ताप, पोटात दुखणं, डोळे पिवळे. तापाचं मुद्दाम सांगते. लिस्टेरिया नावाच्या जंतूची लागण आईला साध्या फ्लूसारखी वाटते, पण गर्भपात होऊ शकतो. हा जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो. म्हणून फ्रीजमधलं उरलेलं अन्न वाफा येईपर्यंत गरम केल्याशिवाय खाऊ नका, आणि सुटं पनीर कच्चं खाऊ नका, भाजीत शिजवून खा.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने कपात टाकू नये. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, आम्लाने दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा. आल्याने काहींना खरोखर बरं वाटतं. सुंठ दिवसाला एक ग्रॅमपर्यंत, थोडी थोडी विभागून. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर आधी विचारा. दवाखान्यात नावनोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा.

कर्वेनगर, नवरा

स्वयंपाक मी हातात घेतला. बायको घरी येण्याआधी सगळं शिजवून, खिडक्या उघडून, ओटा पुसून ठेवायचो. कच्चं चिकन कापायची पाटी आणि सुरी वेगळी केली. मांजराची मातीही मीच बदलायचो, टॉक्सोप्लाझ्मामुळे. हा मांजराच्या विष्ठेतून पसरणारा परजीवी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. तिला काय खायचंय हे दर वेळी विचारलं की तिला त्रास व्हायचा, म्हणून तीन-चार गोष्टी समोर ठेवायचो आणि बाजूला व्हायचो.

मूळची रत्नागिरीची, आता धनकवडी

मासे बंद करू नका, निवडून खा. बांगडा, तारली, बोंबील चालतात, पूर्ण शिजवून. मुशी टाळायची, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. सुरमई क्वचित. अंडं घट्ट उकडलेलं. काळीज पहिल्या तीन महिन्यांत नको, जीवनसत्त्व अ फार असतं.

सातवा आठवडा, बिबवेवाडी

ताई, सगळं वाचतेय. मला रात्रंदिवस फक्त पाणीपुरी दिसते. एकदाही नाही का?

परिचारिका

अगं, घरी कर. पुऱ्या विकतच्या कोरड्या चालतील. पाणी उकळून गार केलेलं, पुदिना-कोथिंबीर नीट धुऊन त्याच पाण्यात वाटलेली, चिंच गरम पाण्यात उकळून कोळलेली. रगडा गरम. बाहेरचा बर्फ नको. पाणी फ्रीजमध्ये ठेव आणि त्याच दिवशी संपव. आंबट-तिखटाने छातीत जळजळ वाढली तर तिखट कमी कर. आणि दवाखान्यात नाव घातलंस का, ते कळव.