नव्वदीतलं पडद्याचं ऑपरेशन

नव्वदीच्या आजींना डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) जागेवरून सरकल्यावर ऑपरेशन झेपेल का, असं एकांनी विचारलंय. नुसत्या वयावरून नाही म्हणू नका. बहुतेकदा डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. खरी कसोटी नंतर. पडदा जागी दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला तर बरेचदा काही दिवस मान खाली घालून राहावं लागतं. वाकलेली पाठ, दम, विस्मरण असेल तर ते निभत नाही. मग गॅसऐवजी सिलिकॉन तेल सोयीचं, पण ते काढायला बहुधा दुसरं ऑपरेशन. गॅस विरताना नजरेत पाण्याच्या पातळीसारखी हलती रेघ खाली उतरत जाते, घाबरू नका. तोवर विमानप्रवास मात्र बिलकुल नको; दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. आणि पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, अजून चिकटलेला असेल तर आजच गाठा डॉक्टरांना!