रीबूटनंतर आयपी का उडतो?

दादा, तुम्ही लिहिलंय की उबंटू सर्व्हरला 'आयपी अ‍ॅडर अ‍ॅड' कमांड देऊन आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) लावला, सगळं चाललं, पण लाईट जाऊन आल्यावर पत्ता गायब. वर एकानं नवं नेटवर्क कार्ड घ्यायला सांगितलंय. नका घेऊ, कार्ड ठणठणीत आहे. ती कमांड फक्त चालू कर्नलला (सिस्टिमच्या मेमरीतल्या गाभ्याला) सांगते, डिस्कवर काहीच लिहीत नाही. कायमचा पत्ता 'ईटीसी' या सेटिंगच्या फोल्डरातल्या 'नेटप्लॅन' फोल्डरमधल्या यॅमल फाइलीत (साध्या मजकुराची सेटिंग फाइल) लिहायचा. तिथं टॅब चालत नाही, स्पेसच द्या.

खरी गोची कार्डाच्या नावाची होते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात मी अर्धी रात्र घालवली. फाइल बरोबर, केबल बरोबर, तरी पिंग (जोडणी तपासायचा संदेश) जाईना. शेवटी 'आयपी लिंक' कमांड मारून बघितलं, तर कार्डाचं नाव 'ईएनपी४एस०' आणि फाइलीत 'ईएनपी३एस०'! दुपारी कुणीतरी कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं होतं. हे नाव पीसीआय बसवरच्या (मदरबोर्डवर कार्डं जोडायची वाट) जागेवरून पडतं, जागा बदलली की तेही बदलतं. म्हणून मी आता फाइलीत 'मॅच'खाली मॅक अ‍ॅड्रेसच (कार्डाचा स्वतःचा नंबर) देतो.

आणि लांबून एसएसएचनं (नेटवर्कवरून लॉगिन करून) करणार असाल तर फाइल लागू करायला 'नेटप्लॅन अप्लाय' नको, 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. 120 सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं. नाहीतर चुकीच्या सेटिंगनं कनेक्शन तुटलं की राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीला गाडी काढावी लागते, आणि 2019 च्या पुरात तर तिथं हायवेच पाण्याखाली होता.