मदत हवी आहे: आकड्यांसाठी घरचे खेळ सुचवा

लेक सव्वापाच वर्षांची आहे. पन्नासपर्यंत धडाधड म्हणते, पण 'पंचवीस' लिहायला सांगितलं की 52 लिहिते. ऐकताना पाच आधी येतो, मग तिचं तरी काय चुकलं? सध्या चिंचोके घेऊन बसतो. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधायच्या, उरलेले सुटे ठेवायचे आणि लिहिताना आधी पुरचुंड्या मोजायच्या. यात ती छान रमते. पण धाकटा दीड वर्षाचा, दिसेल ते तोंडात घालतो, त्यामुळे तो झोपला तरच हे जमतं. तो जागा असताना घेता येतील असे, घरातल्याच मोठ्या वस्तूंचे खेळ सुचवाल का? मोबाईलवरचे नकोत.

आणखी एक. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी संख्यावाचनाची पद्धत आली होती. ती कुणी घरी वापरली आहे का? गोंधळ कमी झाला का?