मदत हवी आहे: सेवानियमांच्या मसुद्यात 'तो/ती' आणि हजेरीपटावर 'सौ.'

नमस्कार मंडळी,

एका सहकारी पतसंस्थेत प्रशासनाचं काम बघते. सेवानियमांची पुस्तिका नव्याने छापायची ठरली आणि मसुदा माझ्या गळ्यात पडला. जुनी पुस्तिका सगळी पुल्लिंगी: 'कर्मचारी विनापरवानगी गैरहजर राहिला तर त्याचा पगार कापण्यात येईल.' बायका उगवतात त्या थेट प्रसूती रजेच्या प्रकरणात. प्रत्यक्षात काउंटरवर आणि लेखा विभागात आम्हीच जास्त आहोत.

एका संचालकांनी सुचवलं, सगळीकडे तिरकी रेघ मारा. मारून पाहिली. 'कर्मचारी गैरहजर राहिला/राहिली व त्याने/तिने आपल्या वरिष्ठाला/वरिष्ठेला कळवले नसेल तर त्याच्या/तिच्या...' इथवर येईतो मूळ गुन्हा काय होता तेच विसरायला होतं. शिवाय तृतीयपंथी व्यक्ती यात बसतच नाही, आणि नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करायला २०१९च्या कायद्याने बंदी आहे. कायदा सल्लागार म्हणतात, काही बदलू नका, जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७च्या कलम १३प्रमाणे पुल्लिंगात स्त्रीलिंग आलंच. अहो, ते केंद्राच्या कायद्यांचा अर्थ लावायला आहे. आमची पुस्तिका वाचणार काउंटरवरची मुलगी.

सध्या वाक्यं फिरवतेय. 'कर्मचाऱ्याने रजेचा अर्ज विभागप्रमुखांकडे द्यावा.' यात क्रियापद अर्जाच्या मागे जातं, माणसाच्या नाही. शिस्तभंगाच्या प्रकरणात मात्र घोडं अडलंय: 'दोषी आढळलेला', 'निलंबित केलेला', 'चौकशीस हजर न राहणारा'. 'व्यक्ती' लिहावं तर पुढे सगळं 'ती'. हेडक्लार्क म्हणाले, म्हणजे आता गुन्हे फक्त बायकाच करणार का!

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. हजेरीपटावर पुरुषांपुढे सरसकट 'श्री.', बायकांपुढे 'सौ.', 'कु.', 'श्रीमती'. एक सहकारी नवरा गेल्यावर कामावर परतली, तर हजेरीपटावर तिच्या नावामागचं 'सौ.' लाल शाईने खोडून वर 'श्रीमती' लिहिलेलं. तिने त्याच्याच शेजारी सही केली. एप्रिल २०२३मध्ये विधवांच्या नावाआधी 'गं. भा.' लावण्याचा विचार राज्याच्या एका मंत्र्यांनी मांडला होता, त्यावर किती टीका झाली ते आठवत असेलच. मला सगळ्यांना एकच 'श्रीमती' करायचंय. पण दोघी ज्येष्ठ सहकारी ठाम आहेत: आमचं 'सौ.' काढायचं नाही. कुणाच्या ऑफिसात हे झालंय का? कसं पटवलंत?

प्रतिसाद १
शिस्तभंगासाठी 'ल्यास' वापरा. 'चौकशीत दोषी आढळल्यास कर्मचाऱ्याला निलंबित करता येईल', 'चौकशीस हजर न राहिल्यास एकतर्फी निर्णय घेण्यात येईल.' जुन्या सरकारी मराठीला नावं ठेवतो आपण, पण इथे तीच उपयोगी पडते. आणि भरतीच्या अर्जातला 'वडिलांचे/पतीचे नाव' हा रकाना आधी उडवा. १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, आणि आपण अजून नवऱ्याचं नाव विचारतोय. नॉमिनीसाठी नाव आणि नातं, बस.

प्रतिसाद २
एक धोक्याची सूचना. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या प्रकरणात 'महिला'च्या जागी 'व्यक्ती' घालू नका. २०१३च्या कायद्यात संरक्षण 'पीडित महिले'ला आहे आणि अंतर्गत समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारीच लागते. तिथे शब्द गुळगुळीत केलात तर समिती चुकीची नेमली जाईल. 'सौ.'चं म्हणाल तर आमच्याकडे हजेरीपटावरून 'श्री.'सकट सगळीच उपपदं काढली, नुसती नावं ठेवली. पहिला आरडाओरडा पुरुषांनी केला.

धागाकर्ती
'ल्यास'ने निम्मं प्रकरण सुटलं, आभार! छळ प्रतिबंधाच्या भागात 'व्यक्ती' घातलंच होतं, आजच परत 'महिला' करते. प्रतिसाद २, तुमच्याकडे हे साध्या परिपत्रकाने झालं की संचालक मंडळाचा ठराव लागला? आणि पगारपत्रकावरूनही उपपदं काढलीत का?