शोपाँचा सी मायनर प्रेल्यूड: तिसऱ्या बारमधला ई, फ्लॅट की नॅचरल?

प्रश्न

संगीतकार शोपाँच्या ओपस 28 (28 व्या क्रमांकाचा रचनासंच) मधला 20 वा प्रेल्यूड, म्हणजे पियानोची छोटी रचना, मी वीस वर्षं वाजवतेय. एका पानात मावणारा, फक्त 13 बारचा (बार म्हणजे ठेक्याचा एक खंड). तिसऱ्या बारचा शेवटचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) मी कायम ई फ्लॅटने (अर्धा स्वर खालचा ई), म्हणजे गडद वाटणारा सी मायनरच वाजवला, कारण माझ्या बाईंच्या जुन्या प्रतीत तसंच छापलंय. परवा शोपाँच्या हस्तलिखिताची छायाप्रत पाहिली. तिथे फ्लॅटची खूण नाही! सी मायनरमध्ये ई एरवी फ्लॅटच असतो, पण त्याच बारमध्ये आधी ई नॅचरल (फ्लॅट न केलेला) येऊन गेलाय. अशी खूण बार संपेपर्यंत लागू असते, म्हणजे नियमाने शेवटचाही नॅचरलच, उजळ वाटणारा सी मेजर. पॅरिसची 1839 ची पहिली छापील आवृत्ती पाहिली, तिथेही नाही. लाइपझिगच्या आवृत्तीतही नाही. दोन रात्री दोन्ही वाजवून बघतेय आणि प्रत्येक वेळी हात थबकतो. खुद्द रचनाकाराच्या हातचं सोडून मी छापलेल्यावर कशी विसंबू?

उत्तर १

मला तरी यात शंका वाटत नाही. हस्तलिखित आणि पहिल्या आवृत्त्या एकच सांगतायत, मग फ्लॅट नंतरच्या कुणा संपादकाने घातला असणार. नॅचरल वाजवा.

उत्तर २

थांबा, इतकं सरळ नाही. मी हे प्रेल्यूड शिकवतो आणि या एका स्वरापायी बरेच दिवस घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की कोणती प्रत कुठून आली. शोपाँने जानेवारी 1839 मध्ये मायोर्काहून हस्तलिखित पॅरिसला आपल्या मित्राकडे, फोंतानाकडे पाठवलं. ते आज वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यावरून पॅरिसमध्ये कातेलाँ या प्रकाशकाने छापलं. फोंतानाने त्याची नक्कल केली, ती लाइपझिगला ब्राइटकोफ या प्रकाशकाकडे गेली. लंडनची आवृत्ती पॅरिसच्या आवृत्तीवरून निघाली. म्हणजे तुम्हाला तीन-चार साक्षीदार दिसतायत, पण मुळात साक्षीदार एकच. बाकीचे त्याचंच म्हणणं पुढे सांगतायत. शोपाँ लिहिताना एक खूण विसरला असेल, तर ती सगळीकडे विसरलेलीच राहणार. आणि रचनेच्या मूळ पट्टीतल्या स्वरावर (इथे ई फ्लॅटवर) परत येताना खूण द्यायची राहून जाणं हे त्याच्या लिखाणात वारंवार दिसतं.

आता महत्त्वाचं. जेन स्टर्लिंग ही त्याची स्कॉटिश शिष्या, ओपस 55 ची नॉक्टर्न्स (पियानोरचना) तिलाच अर्पण केलीयत. तिच्याकडच्या छापील प्रती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तिच्या प्रतीत नेमक्या या ईपुढे पेन्सिलने फ्लॅट काढलेला आहे. म्हणजे ज्या छापील कागदाला आपण दुय्यम म्हणतो, त्याच्यावरच शोपाँच्या शिकवणीतला, हस्तलिखितानंतरचा शब्द उमटलाय. विद्यार्थी समोर बसलाय, चुकीचा कॉर्ड कानावर पडतोय आणि हात पेन्सिलीकडे जातो. हे मी रोज करतो, म्हणून त्या खुणेवर माझा फार विश्वास आहे.

उत्तर ३

छापलेल्यानेही फसवल्याचं उदाहरण देतो. शोपाँच्याच ओपस 35 च्या सोनाटात (अनेक भागांची मोठी पियानोरचना) पहिल्या भागाची पुनरावृत्ती कुठून करायची? लाइपझिगच्या आवृत्तीत पाचव्या बारशी पुनरावृत्तीचे ठिपके (‘इथून पुन्हा’ अशी खूण) आहेत, पॅरिसच्या आणि लंडनच्या आवृत्त्यांत नाहीत. ठिपके धरले तर सुरुवातीचे चार संथ बार दुसऱ्यांदा येतच नाहीत. किती पिढ्यांनी ते तसंच वाजवलं! म्हणून कोणती प्रत थोर, असं एकदाच ठरवून चालत नाही. प्रत्येक स्वरागणिक विचारावं लागतं.

प्रश्नकर्ती

पेन्सिलीचं माहीत नव्हतं. वाचून लगेच पियानोपाशी गेले. चौथा बार जी मेजरवर येऊन थांबतो ना, त्याच्या आधी सी मेजर वाजवला की उजेड एक पाऊल आधीच येतो. फ्लॅट वाजवला तर जीपर्यंत अंधार टिकतो. मी फ्लॅटच ठेवणार, पण आता बाईंच्या प्रतीत तसं आहे म्हणून नव्हे.

एक राहिलं. शेवटचे चार बार पुन्हा, हळू आवाजात, हे मुळात नव्हतं असं ऐकलंय. खरं आहे का?

उत्तर २

खरं आहे. आधी रचना नवव्या बारवर संपत होती. हस्तलिखितात प्रकाशकासाठी एक टीप आहे: बऱ्याचदा बरोबर असणाऱ्या कुणा गृहस्थांसाठी केलेली ही छोटीशी सवलत, अशा अर्थाची. त्यांचं नाव मात्र लिहिलेलं नाही. छायाप्रत तुमच्याकडे आहेच, याच पानावर बघा.